गंधक

यंदा पहिल्यांदाच खरड छाटणीच्या काड्या आल्या,
एप्रिलात, मोहाडीकडून,
रंगनाथ कडच्या टेंपोतून, वर जुनी ताडपत्री.
अंबडच्या शेडमध्ये ओतल्या तेव्हा
पायपुसणं झटकावं तशी धूळ
बराच वेळ खाली बसेना.

काड्यांचं काय होतं ते मी इथेच शिकले, आयटीआयनंतर.
हवा न देता भाजायच्या.
जळत नाहीत, घामेजतात.
काळं तेल निघतं, आंबूस, धुरकट,
बोटाला लागलं तर तीन दिवस भाकरीला चव त्याचीच.
ते तेल वाफेबरोबर न्यायचं
निकेलच्या गोळ्यांवरून, साडेसातशे अंशांवर.
लांबलचक रेणू तिथे उसवतात,
पाणीसुद्धा उसवतं,
आणि दुसऱ्या टोकाने निघतात
हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड.
एक सगळ्यात हलका,
दुसरा वास न देता मारणारा.
दोघं मिळून सिनगॅस.
बाविस्कर मॅडम म्हणतात, यातून काहीही घडवता येतं,
मिथेनॉल, डिझेल, खत.
काहीही म्हणजे
पुन्हा वेल सोडून, मी मनात म्हणते.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं:
उत्प्रेरक बदल घडवतो, स्वतः बदलत नाही.
मी वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली.
रात्रपाळीला आता दोन वर्षं झाली.
बदलतो की!
काजळी धरतो, दमतो, नळीतला दाब चढत जातो,
मग तेल तोडून त्याला नुसती वाफ आणि हवा,
आतलं काळं जळून जाईपर्यंत.
सकाळी पुन्हा कामाला.
आमच्यासारखाच,
फक्त त्याची सुट्टी लॉगबुकात लिहितात.

या वेळी हवा देऊनही उठेना.
ऑक्टोबरच्या काड्यांवर दोनशे तास चालला होता गडी,
एप्रिलच्या काड्यांवर एकतीस.
पडद्यावरचं हायड्रोजनचं शिखर
दर तासाला बुटकं.
मॅडमनी तापमान वाढवलं, वाफ वाढवली,
पुण्याला फोन केले,
निकेल पुरवणाऱ्याला चार शब्द सुनावले.

पहाटे साडेतीनला मी नवीन पोतं उघडलं
आणि आईचा पदर आला.

सुरगाण्याहून टोळीत यायची ती, छाटणीला.
भुरी पडू नये म्हणून बागांवर गंधक धुरळतात,
ते सालीच्या भेगांत बसतं.
संध्याकाळी तिने जवळ घेतलं की
माझे डोळे चुरचुरायचे.
आईचा वास पिवळा असतो, असंच वाटायचं मला.
आता ती जात नाही. घरी असते. खोकते.

ऑक्टोबरच्या काडीवरून अख्खा पावसाळा वाहून गेलेला असतो.
एप्रिलची काडी कोरडीच उतरते,
हंगामासकट.

साडेसातला मॅडम आल्या.
त्यांनी स्कार्फ सोडायच्या आत मी म्हटलं, गंधक आहे.
कशावरून?
वास येतोय.
त्यांनी काडी हुंगली, उलटी करून पुन्हा हुंगली.
त्यांना नाही आला.
तरी नमुना पाठवला, हे खरं.
नवव्या दिवशी कागद आला, कागदावर आकडा,
आकड्याखाली मॅडमची सही.

आता निकेलच्या आधी एक थर भरलाय,
जस्ताच्या ऑक्साइडचा.
गंधक तिथेच अडतं, निकेल सुखरूप.
या थराला मात्र आम्ही उठवत नाही.
भरला की पिंपात ओतायचा, नवा घालायचा.

अहवाल मराठीतही द्यायचाय, मॅडम म्हणाल्या,
याला काय म्हणू गं, यमुना?
मला एक शब्द माहीत होता.
बघते, म्हटलं, आणि व्हॉल्व्ह तपासायला बाहेर गेले.
चिमणीच्या तोंडाशी जास्तीचा वायू जळत होता.
दिवसा ती ज्योत दिसत नाही,
फक्त तिच्यामागची पांडवलेणी
जागच्या जागी हलते.